गाडी मिसिंग करतेय: कोड पत्ता सांगतो, कारण नाही

गाडी उभी आहे, गिअर न्यूट्रलमध्ये आहे आणि स्टिअरिंगवर ठेवलेल्या हाताला बारीक थरथर लागतेय. सायलेन्सरचा आवाज एरवी एकसुरी असतो, आता मधेच एखादा ठोका गाळल्यासारखा येतोय. चढावर रेस दिली की गाडी ओढ घेण्याऐवजी दोन आचके देते. डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागलेला. गॅरेजमध्ये याला ‘गाडी मिसिंग करतेय’ म्हणतात, पुस्तकात मिसफायर. म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये ज्या क्षणी इंधन पेटायला हवं होतं त्या क्षणी ते पेटलं नाही, किंवा अर्धवट पेटून विझलं.

मग स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावला जातो आणि स्क्रीनवर पी ०३०३ असा कोड दिसतो. शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी ०३०२ म्हणजे दुसरा, आणि असंच पुढे. पी ०३०० आला तर मिसफायर होतोय, पण तो कुठल्या एकाच सिलिंडरवर ठरत नाही. कोड वाचला की बहुतेकांचा हात खिशाकडे जातो. प्लग बदला. नाही गेलं? कॉइल बदला. तरी नाही? मग इंजेक्टरच असणार! (प्लग ठिणगी पाडतो, कॉइल त्यासाठी हजारो व्होल्ट पुरवते, इंजेक्टर पेट्रोल फवारतो.) मीही हे केलंय. चारही प्लग आणि एक कॉइल बदलून झाल्यावर कळलं, की तिसऱ्या सिलिंडरशेजारी इनटेक मॅनिफोल्डवर (सिलिंडरना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांवर) बसणारी बोटभर रबरी नळी खालच्या बाजूने चिरली होती. वरून बघताना ती धडधाकट दिसत होती.

चूक स्कॅनरची नव्हती. त्याने तिसऱ्या सिलिंडरचा पत्ता दिला होता आणि तो बरोबर होता. त्या घरात काय बिघडलंय ते मी गृहीत धरलं होतं.

संगणकाला कळतं कसं?

हे एकदा समजलं की पुढचा निम्मा गोंधळ मिटतो. सिलिंडरच्या आत ज्वाला पेटली की नाही हे बघणारा सेन्सर बहुतेक गाड्यांत नसतोच. इंजिनचा संगणक, म्हणजे ईसीयू, हे आडून ओळखतो.

चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. चार सिलिंडर असतील तर प्रत्येक अर्ध्या फेरीला एकाचा नंबर लागतो. इंजिन आयडलिंगला मिनिटाला ८०० फेऱ्या मारत असेल तर मिनिटाला १,६०० स्फोट होतात, सेकंदाला साधारण २७. प्रत्येक स्फोट क्रँकशाफ्टला एक ढकल देतो, त्यामुळे शाफ्टचा वेग जरा वाढतो, पुढच्या ढकलीपर्यंत जरा उतरतो, पुन्हा वाढतो. चार जण आळीपाळीने झोका देत आहेत असं समजा. त्यातल्या एकाने हात आखडता घेतला, तर डोळे मिटून झोक्यावर बसलेल्या माणसालाही ते कळेल.

ईसीयू तो डोळे मिटलेला माणूस. क्रँकशाफ्टवर दातेरी चाक असतं. बऱ्याच इंजिनांत ते ६० दात्यांच्या जागा आणि त्यातले २ दाते गाळलेले, असं असतं. गाळलेल्या जागेवरून शाफ्टची नेमकी स्थिती कळते. समोरचा क्रँक सेन्सर प्रत्येक दाता जायला किती वेळ लागला ते मोजत राहतो. एखाद्या टप्प्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, तर तिथे ढकल मिळाली नाही. त्या टप्प्याला कुणाची पाळी होती हे कॅमशाफ्टच्या सेन्सरमुळे माहीत असतं. नाव लिहिलं जातं: तिसरा.

म्हणजे ईसीयूला फक्त एवढं ठाऊक असतं, की तिसऱ्याने ढकललं नाही. प्लग मेला, कॉइल मेली, पेट्रोल मिळालं नाही, व्हॉल्व्ह जळाला की हवा चुकीच्या वाटेने आत आली, त्याच्या लेखी सगळं सारखंच.

आणि वेग मोजून काढलेला हा अंदाज कधी फसूही शकतो. खडबडीत रस्त्यावर चाकांचे हादरे गिअरबॉक्समधून क्रँकशाफ्टपर्यंत पोचतात आणि वेग उगाच खालीवर होतो. म्हणून कित्येक गाड्यांत एबीएसच्या चाक-सेन्सरकडून ‘रस्ता खराब आहे’ असं कळलं की मिसफायरची मोजणी तेवढ्यापुरती थांबवली जाते. दातेरी चाकाचा दाता मोडला किंवा वाकला तरी खोटा मिसफायर दिसू शकतो. इंजिन ऐकायला आणि हाताला अगदी गुळगुळीत लागतंय, पण कोड येतच राहतो, तेव्हा ही शक्यता डोक्यात ठेवावी.

दिवा लुकलुकतोय की स्थिर आहे?

यातला फरक ठाऊक नसल्यामुळे बरंच नुकसान होतं. अमेरिकेत १९९६ पासून सक्तीच्या झालेल्या ओबीडी-२ या गाडीतल्या स्व-तपासणीच्या पद्धतीत, जी पुढे थोड्याफार फरकाने जगभर पसरली, ईसीयू मिसफायर दोन चाळण्यांतून बघतो. साधारण दर २०० फेऱ्यांच्या टप्प्यात तो एक हिशेब करतो: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) जळेल इतके मिसफायर होतायत का? तसं असेल तर दिवा लुकलुकायला लागतो. दुसरा हिशेब १,००० फेऱ्यांचा: धूर प्रदूषणाच्या मर्यादेबाहेर जाईल इतपत मिसफायर आहेत का? तसे असतील आणि पुन्हा आढळले, तर दिवा स्थिर लागतो.

कन्व्हर्टर का जळतो? न पेटलेलं पेट्रोल आणि न वापरलेला ऑक्सिजन दोन्ही तसेच एक्झॉस्टमधून त्याच्याकडे जातात. तो बनवलेलाच अशा गोष्टी जाळून टाकण्यासाठी आहे, म्हणून सिलिंडरमध्ये व्हायचं ते ज्वलन त्याच्या पोटात होतं. आतली मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी तापते आणि फारच तापली तर वितळून तिचा गोळा होतो. मग एक्झॉस्टची वाटच तुंबते. गाडीतल्या सर्वांत महागड्या भागांपैकी हा एक. तो वाचवण्यासाठी लुकलुकणारा दिवा दिसताच रेस कमी करायची आणि सुरक्षित जागा बघून थांबायचं. स्थिर दिव्यावर गॅरेजपर्यंत हळू जाता येतं. लुकलुकणाऱ्या दिव्यावर ‘घरी पोचून बघू’ म्हणणं महागात पडतं.

पहिला प्रश्न: कधी?

पेटण्यासाठी सिलिंडरला तीन गोष्टी लागतात: वेळेवर आणि जोरकस ठिणगी, हवेच्या प्रमाणात इंधन, आणि नीट दाबलेलं मिश्रण. यातलं काय कमी पडतंय हे हत्यार हातात घेण्याआधीच बऱ्यापैकी ताडता येतं. त्यासाठी विचारायचं, मिसिंग होतं कधी?

समजा आयडलिंगला इंजिन छान चालतं, पण चढावर, ओव्हरटेक करताना, वरच्या गिअरमध्ये रेस दाबली की आचके येतात. संशय आधी ठिणगीवर घ्यावा. प्लगच्या दोन टोकांमध्ये जेमतेम ०.७ ते १.१ मिलिमीटरची फट असते आणि ती ओलांडायला ठिणगीला काही हजार व्होल्ट लागतात. सिलिंडरमध्ये हवा जितकी दाटीने कोंबलेली, तितकी ती फट ओलांडणं कठीण. आयडलिंगला थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारा पडदा, जवळपास बंद असतो, आत थोडीच हवा येते, त्यामुळे दमलेली कॉइलसुद्धा वेळ मारून नेते. रेस दाबली की सिलिंडर हवेने भरतो, दाब वाढतो आणि तीच उडी मारायला २०,००० व्होल्टच्या पुढे जावं लागतं. कॉइल किंवा तिचं रबरी बूट (कॉइलला प्लगशी जोडणारी नळी) इथे उघडं पडतं. प्लग झिजून फट रुंदावली असेल तर काम आणखी अवघड. जोर लागला तरच मिसिंग, एरवी नाही, हे लक्षण म्हणूनच इतकं बोलकं आहे. टर्बो इंजिनात तर ते आणखी ठळक दिसतं, कारण तिथे हवा मुद्दाम कोंबलेली असते.

उलट प्रकार बघा. आयडलिंगला थरथर, पण रेस दिली की इंजिन सरळ होतं. इथे कुठून तरी चोरून हवा आत शिरत असण्याची शक्यता मोठी. फाटलेली व्हॅक्युमची नळी, मॅनिफोल्डचं कडक झालेलं गॅस्केट, असं काही. आयडलिंगला इंजिन मुळात थोडीच हवा घेतं, त्यात ही चोरवाटेची हवा मोठा हिस्सा ठरते आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. रेस दिली की मोजून आत येणारी हवा कैक पटींनी वाढते आणि तीच गळती किरकोळ होऊन जाते. थोडा जळका वायू पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला तर तोही असंच सोंग आणतो: आयडलिंगला जळका वायू आत घुसतो आणि ज्वाला धड धरत नाही.

सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर पहिली मिनिटभर एकच सिलिंडर मिस करतो, नंतर सगळं ठीक. अशा वेळी कूलंटची पातळी बघा. हेड गॅस्केटमधून (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधला सांधा बंद करणाऱ्या पट्टीतून) रात्रभरात थोडं कूलंट सिलिंडरमध्ये झिरपतं, सकाळी प्लग ओला असतो, काही सेकंदांत ते पाणी पांढऱ्या, गोडसर वासाच्या धुरातून उडून जातं. रेडिएटरमधलं कूलंट हळूहळू कमी होतंय आणि खाली थेंबही सांडलेला दिसत नाही, ही जोडी असेल तर संशय पक्का करावा. अर्थात थंडीत मिसिंग म्हणजे गॅस्केटच, असंही नाही. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर कार्बनचे थर बसतात, कारण पेट्रोलने ते धुतले जात नाहीत. अशी इंजिनंही थंड असताना कुरकुरतात.

इंजिन धुतल्यावर किंवा पावसात भिजल्यावर सुरू झालेलं मिसिंग बहुतेक वेळा प्लगच्या विहिरीत साचलेल्या पाण्याचं असतं. ते वाळवलं की मिटतं. न मिटलं तर बुटाला बारीक तडा गेलेला असतो आणि पाण्याने तो फक्त उघडकीला आणलेला असतो.

‘कधी’चं उत्तर तुम्हाला आठवत नसेल तरी ईसीयूला आठवतं. कोड नोंदवताना तो त्या क्षणाची एक नोंद जपून ठेवतो, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात: इंजिनच्या फेऱ्या किती, वेग किती, इंजिनवर भार किती, कूलंटचं तापमान किती. साध्या स्कॅनरवरही ती वाचता येते. म्हणूनच कोड पुसायची घाई करू नये. कोड पुसला की ही नोंदही पुसली जाते, आणि तपासाचा सगळ्यात चांगला साक्षीदार आपल्याच हाताने घालवला जातो.

जागा बदला, दोष कुठे जातो ते बघा

एका सिलिंडरचा कोड असेल तर माझी सर्वांत आवडती चाचणी फुकटची आहे. हल्ली बहुतेक पेट्रोल इंजिनांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते. तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर लावा, पहिल्याची तिसऱ्यावर. गाडी ज्या परिस्थितीत मिस करत होती त्याच परिस्थितीत चालवा. आता पी ०३०१ आला, तर दोष कॉइलबरोबर चालत गेला: कॉइल खराब. पुन्हा पी ०३०३च आला, तर कॉइल निर्दोष सुटली. मग प्लगची अदलाबदल करा आणि तोच प्रश्न विचारा.

दोन गोष्टी सांभाळा. एका वेळी एकच वस्तू हलवायची. कॉइल आणि प्लग दोन्ही एकदम हलवलेत आणि दोष त्यांच्याबरोबर गेला, तर दोघांपैकी कोण हे पुन्हा शोधत बसावं लागतं. दुसरं, पहिला सिलिंडर कुठला ते आधी नक्की करा. सरळ रांगेच्या इंजिनात तो बहुधा बेल्टच्या किंवा चेनच्या बाजूचा असतो, पण सगळीकडे नाही, आणि व्ही आकाराच्या इंजिनांत तर प्रत्येक कंपनीची मोजायची तऱ्हा वेगळी. चुकीच्या सिलिंडरवर अख्खी दुपार घालवलेले लोक कमी नाहीत.

काही इंजिनांत दोन सिलिंडरना मिळून एक कॉइल असते. चार सिलिंडरच्या इंजिनात बहुधा पहिला-चौथा आणि दुसरा-तिसरा अशा जोड्या. पी ०३०१ आणि पी ०३०४ एकत्र आले, तर दोन प्लग एकाच दिवशी मेले असं मानण्यापेक्षा दोघांची सामाईक कॉइल धरणं शहाणपणाचं.

जुन्या पद्धतीत इंजिन चालू असताना प्लगची वायर उपसून ‘कुठला सिलिंडर काम करत नाही’ ते बघत. ते करू नका. ते हजारो व्होल्ट वाट शोधताना तुमच्या हातातून जाऊ शकतात. वाट मिळालीच नाही तर कॉइल बिघडू शकते. शिवाय न पेटलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातं ते वेगळंच. सिलिंडर बंद करूनच बघायचं असेल तर त्याच्या इंजेक्टरचं कनेक्टर काढा, आणि काढण्या-लावण्याच्या वेळी इंजिन बंद ठेवा. सगळ्यात बरं म्हणजे जो स्कॅनर सिलिंडर एकेक करून बंद करू शकतो, तो वापरा. चांगला सिलिंडर बंद केला की इंजिन आणखी लंगडतं. बिघडलेला बंद केला की काहीच फरक पडत नाही, कारण तो आधीपासूनच बसून खात होता.

प्लग बाहेर काढलाच आहे तर दोन मिनिटं उजेडात धरून बघा. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर ज्वलन ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी अशक्त. तेलकट काळा थर म्हणजे पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल वर येतंय. पांढरं, फोड आल्यासारखं टोक म्हणजे फार उष्णता. बाकीचे तीन प्लग मळके आणि एकच वाफेने धुतल्यासारखा लखलखीत असेल तर हरखून जाऊ नका. तिथे कूलंट शिरतंय. पांढऱ्या सिरॅमिकवर वरून खाली पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली, तर ठिणगी फटीतून न जाता सिरॅमिकच्या बाहेरून घसरत जमिनीला जात होती. अशी रेघ सापडल्यावर फक्त कॉइल बदलून जुना प्लग ठेवू नका, कारण त्याच वाटेने नव्या कॉइलचं बूटही जळतं. प्लग बसवताना इंजिन थंड हवं, पहिले आटे हाताने फिरवायचे, आणि शेवटची कस कंपनीने सांगितलेल्या टॉर्कने. ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे एकदा गेले की मिसफायर परवडला असं म्हणायची वेळ येते.

ओल्या प्लगबद्दल एक सावधगिरी. पेट्रोलने ओला प्लग म्हणजे इंधन येतंय पण पेटत नाही, हे बरोबर. पण कोरडा प्लग म्हणजे इंजेक्टर बंद पडलाय, हे मात्र दर वेळी खरं नाही. कित्येक गाड्या कन्व्हर्टर वाचवण्यासाठी मिस करणाऱ्या सिलिंडरचं पेट्रोल स्वतःच तोडतात. म्हणजे गुन्हा कॉइलचा, पण प्लग कोरडा, आणि दोषी ठरतो बिचारा इंजेक्टर.

‘लीन’ (पातळ मिश्रण) दिसतं म्हणून पेट्रोल कमी आहे असं नाही

स्कॅनरवर फ्यूएल ट्रिम नावाचे दोन आकडे दिसतात, टक्क्यांत. ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून ईसीयूने ठरल्यापेक्षा किती पेट्रोल वाढवलं किंवा कमी केलं, ते हे आकडे सांगतात. शून्याच्या आसपास, पाच-दहा टक्के इकडेतिकडे, हे चालतं. आयडलिंगला अधिक २० आणि इंजिन २,५०० फेऱ्यांवर नेताच आकडा नॉर्मलजवळ आला, तर हवेची गळती शोधा. आयडलिंगला ठीक आणि भार वाढेल तसा आकडा वर चढत गेला, तर पेट्रोल पुरत नाहीये: पंप दमलाय, फिल्टर तुंबलाय, किंवा हवा मोजणारा सेन्सर मळून कमी हवा दाखवतोय.

इथे एक फसवी जागा आहे आणि तीत अनुभवी मेकॅनिकही पडतात. ऑक्सिजन सेन्सर नावाप्रमाणे ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल नाही. ठिणगी न पडलेल्या सिलिंडरमधून पेट्रोल बाहेर येतं, तसा वापरलाच न गेलेला ऑक्सिजनही येतो. सेन्सर म्हणतो, ऑक्सिजन फार आहे, मिश्रण पातळ दिसतंय. ईसीयू विश्वास ठेवतो आणि त्या सेन्सरखालच्या सगळ्याच सिलिंडरना पेट्रोल वाढवतो. नळकांड्यातून पेट्रोलचा वास येतोय आणि स्कॅनर लीन म्हणतोय, असं विचित्र दृश्य त्यामुळेच दिसतं. म्हणून मिसफायर आणि लीन असे दोन्ही कोड एकत्र असतील तर कोण आधी आला ते शोधायला हवं. ठिणगी आधी तपासा, तो प्रश्न मिटला की ट्रिमचे आकडे खरं बोलू लागतात.

इंजेक्टरची तपासणी त्यामानाने सोपी आहे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाशी धरली की चालू इंजिनात टिक-टिक ऐकू येते. एकच इंजेक्टर गप्प असेल तर त्याच्यापर्यंत वीज पोचतेय का ते बघा, कारण वायर तुटणं किंवा कनेक्टर गंजणं इंजेक्टर मरण्याइतकंच सर्रास आहे. मॅनिफोल्डमध्ये फवारणाऱ्या साध्या इंजेक्टरचा रोध मल्टिमीटरवर बहुधा १२ ते १६ ओहम येतो. नेमक्या आकड्यापेक्षा चौघांचे आकडे एकमेकांशी जुळतात का, हे बघावं. मात्र टिक-टिक येते म्हणजे फवारा नीट पडतोच असं नाही. तोंड चोंदलेला इंजेक्टरही टिकटिकतो. तो मशीनवर लावूनच कळतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजेक्टरला मात्र घरी हात लावू नये. तिथे पेट्रोलचा दाब १०० बारच्या कितीतरी पुढे असतो, आणि अशी बारीक धार कातडीत घुसू शकते.

दाब: कुणालाच तपासायला आवडत नाही तो भाग

ठिणगी ठीक, इंधन ठीक, तरी तिसरा सिलिंडर मरतोय. आता कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये बनणारा दाब. गेज काढण्याआधी एक फुकट युक्ती. पेट्रोल पंपाचा रिले किंवा फ्यूज काढा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, आणि सेल्फ मारून कान द्या. निरोगी इंजिन एका लयीत कण्हतं. एखादा सिलिंडर दाब धरत नसेल तर त्याची पाळी आली की स्टार्टरला काही अडत नाही आणि लय तिथे घसरते: जड, जड, जड, हलका; जड, जड, जड, हलका. चेन किंवा बेल्ट बराच सरकला असेल तर सगळेच ठोके हलके आणि भरभर येतात.

मग गेज. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इंधन आणि कॉइल तोडलेल्या, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. प्रत्येक सिलिंडरला सारख्याच फेऱ्या, पाच-सहा. चांगल्या पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १४ बार दाब येतो. नेमका आकडा ज्या त्या इंजिनच्या माहितीत बघावा. पण महत्त्वाची आहे तफावत. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या तीन चतुर्थांशाच्या खाली गेला, तर तिथे दुखणं आहे.

दुखणं कशाचं, हे चमचाभर ऑइल सांगतं. प्लगच्या भोकातून ते आत सोडून पुन्हा दाब मोजा. आकडा चांगला वर आला तर पिस्टन रिंग झिजल्यात. ऑइलने त्यांची फट तात्पुरती बुजवली. ढिम्म हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी असतील तर दोघांच्या मधल्या जागेतून हेड गॅस्केट फुटलंय असं समजा.

आणखी पक्कं हवं असेल तर लीक-डाउन चाचणी. पिस्टन वरच्या टोकाला आणून दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा आत सोडायची आणि ती कुठून निसटते ते ऐकायचं. थ्रॉटलच्या तोंडाशी सू-सू आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून जोरात आली तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. इतकी सरळ उत्तरं गाडीच्या कुठल्याही चाचणीत क्वचित मिळतात.

दोन्ही चाचण्या उत्तम आल्या तरी सुटका झाली असं मात्र नाही. कॅमशाफ्टचा उंचवटा झिजून व्हॉल्व्ह पुरेसा उघडतच नसेल, तर थोडीच हवा आत येते आणि तीही नीट बाहेर पडत नाही. अशा वेळी व्हॉल्व्ह कव्हर उघडून डोळ्यांनी बघावं लागतं.

पी ०३०० आला तर

एक सिलिंडर आजारी असेल तर त्याच्याजवळचं काहीतरी बिघडलंय. सगळेच आळीपाळीने खोकत असतील तर सगळे ज्या हवेत, ज्या पाण्यावर जगतात तिथे बघायचं. पेट्रोलचा दाब, भेसळीचं किंवा पाणी शिरलेलं पेट्रोल, मोठी हवागळती, ईजीआर, हवा मोजणारा सेन्सर, लांबलेली टायमिंग चेन. चेनचा संशय असेल तर पी ००१६सारखा कोड, म्हणजे क्रँक आणि कॅम यांचा मेळ जुळत नाही असं सांगणारा, बरोबर आहे का ते बघा. एकाच वयाचे चार झिजलेले प्लगही पी ०३०० देऊ शकतात. साध्या निकेल प्लगचं आयुष्य साधारण ३० ते ४० हजार किलोमीटर, इरिडियमचं १ लाखाच्या आसपास. शेवटचे कधी बदलले हे आठवत नसेल, तर उत्तर बहुधा तिथेच आहे. प्लग मुदत संपल्यावर बदलणं हा अंदाजपंचे खर्च नाही, ती देखभाल आहे.

चांगल्या स्कॅनरवर मोड ६ मध्ये (ईसीयूच्या चाचण्यांचे निकाल दाखवणारा भाग) किंवा लाइव्ह डेटामध्ये प्रत्येक सिलिंडरचे मिसफायर वेगवेगळे मोजलेले दिसतात. पी ०३०० दिसला तरी आकडे बघितल्यावर कळतं, की निम्म्याहून जास्त चुका एकट्या दुसऱ्याच्या आहेत आणि बाकीचे त्याच्या धक्क्याने बदनाम झालेत. दिवा लागण्याआधीच्या कुरकुरीही इथे दिसतात.

डिझेल इंजिनात प्लगची ठिणगी नसते, त्यामुळे निम्मा तपास आपोआप गळतो. तिथे इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन हे दोनच मोठे संशयित, आणि आयडलिंग सारखं ठेवण्यासाठी ईसीयू प्रत्येक इंजेक्टरला किती कमी-जास्त डिझेल देतोय ते आकडे स्कॅनरवर बघून दोषी पटकन सापडतो.

दुरुस्ती झाली की कोड पुसून गाडी दारातल्या दारात फिरवून आणू नका. फ्रीझ फ्रेममध्ये जी परिस्थिती होती तीच पुन्हा उभी करा. थंड असताना मिस करत होती तर रात्रभर उभी ठेवून सकाळी सुरू करा, चढावर करत होती तर चढावर न्या, आणि त्या सिलिंडरचा मिसफायरचा आकडा शून्यावर राहतो का ते बघा. आणि ऑइलची काडी बाहेर काढून तिचा वास घ्या. बरेच दिवस मिस करत राहिलेल्या सिलिंडरमधलं न पेटलेलं पेट्रोल भिंतींवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं, ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगना त्याचा आधार उरत नाही. काडीला पेट्रोलचा वास येत असेल तर पुढची सर्व्हिस कधी आहे ते न बघता ऑइल बदलून टाका.